हात हलला का?

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या टीमचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. व्यासपीठावर त्यांच्या उजव्या हाताला बसलेले टीमचे डॉक्टर. शर्यत मंडळाकडून मुद्दाम वेळ काढून आलेल्या पाहुण्या बाई. गाडीच्या खाली, आत आणि आजूबाजूला ज्यांचं निम्मं आयुष्य गेलं ते सगळे मेकॅनिक. सकाळपासून टेबलं हलवून कॅन्टीनचं सभागृह करून दाखवणारी स्वयंपाकघरातली मंडळी. समोर बसलेले आजी-माजी ड्रायव्हर, त्यांचे आईवडील, त्यांच्या बायका, आणि आता असंही म्हणता येतं, त्यांचे नवरे. आणि जिच्यासाठी आपण जमलो ती आजची सत्कारमूर्ती, जिला मी धाकटी जाऊ म्हणू की नणंद म्हणू हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

साहेब मघाशी कानात म्हणाले, "वहिनी, थोडक्यात आटपा हं." साहेब, मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. तिथे कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागते. तुम्हाला दोनदाच सांगेन, एवढी सवलत देते.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक नंबरच्या गाडीवर जे बरीच वर्षं होते, ज्यांना तुम्ही सगळे दादा म्हणता, त्यांची मी बायको. आज इथे उभं त्यांनीच राहायचं होतं. कार्यक्रमपत्रिकेत नावही त्यांचंच छापलंय. परवा जेवताना म्हणाले, "अगं, माझ्या वतीने तूच बोल. मला काही भाषणबिषण जमत नाही." ताशी तीनशेच्या पुढे गाडी हाणणारा माणूस, आणि माईकपर्यंत चार पावलं चालायची म्हटलं की खुर्ची सोडत नाही! मी हो म्हटलं. त्यांच्या वतीने बोलायची मला सवय आहे. मुलीच्या शाळेत, बँकेत, त्यांच्या भावांशी, शेजारच्यांच्या गाडी लावण्यावरून, सगळीकडे मीच बोलत आले. ते बघा, पहिल्या रांगेत कडेला बसलेत, टाळ्या वाजवायच्या तयारीत.

तर, सत्कारमूर्ती. हिची माझी ओळख कशी झाली, ते ऐका. ट्रॅकवर पाहुण्यांची गॅलरी असते. तिच्यात एक रांग आम्हा बायकांची. ड्रायव्हरांच्या बायका, आया, बहिणी. एके दिवशी दारावरच्या माणसाने एक पोरगी आणली आणि माझ्या शेजारी बसवली. अंगात टीमचं जाकीट, केस घट्ट बांधलेले, पायात पातळ तळव्यांचे बूट. मी आपुलकीने विचारलं, "तू कुणाची गं?"

म्हणाली, "मी दोन नंबरच्या गाडीची."

"म्हणजे त्याची बहीण का?"

"नाही हो. राखीव ड्रायव्हर. गॅरेजकडे निघाले होते, त्यांनी इकडे आणून बसवलं."

"अगं, मग सांगायचं नाही का त्याला?"

"सांगितलं ना. तो म्हणाला, हो हो, बसा."

मी तिचा हात धरला, तिला खाली गॅरेजपर्यंत सोडून आले, आणि येताना त्या दारावरच्या माणसाशी माझ्या वर्गातल्या आवाजात थोडं बोलले. पुढे तो मला बघितलं की उभा राहायचा. त्या दिवसापासून मी हिची वहिनी झाले. ह्यांना दादा सगळेच म्हणतात, त्यामुळे तो हिशेब आपोआप जुळला.

हिचं 'वेलांटी' हे नाव माझ्याकडून पडलं, हेही जाता जाता सांगून टाकते. बाकीचे ड्रायव्हर वळण घेताना मला नेहमी पहिलीतल्या पोरांची आठवण यायची. आधी जोरात रेघ ओढायची, मग कोपऱ्यात अडकायचं, मग खोडायचं. ही वळणात शिरली की पेन न उचलता वेलांटी काढावी तशी बाहेर यायची. मी एकदा सहज म्हटलं आणि मेकॅनिक मंडळींनी ते उचललं. आज तिच्या हेल्मेटच्या पाठीवरही तेच लिहिलंय.

त्या दिवसांत तिला काय काय ऐकावं लागलं, याचा पाढा मी वाचणार नाही. आज निरोपाचा दिवस आहे. एकच सांगते. लोक म्हणायचे, बाईची मान टिकायची नाही. वळणात डोकं बाजूला खेचलं जातं, ते पेलायला मान लागते, हे मलाही ह्यांच्याशी लग्न झाल्यावर कळलं. तर ही बया याच कॅन्टीनमध्ये हेल्मेटला वजनं बांधून चहा प्यायची. हे घरी येऊन मला म्हणाले, "तिची मान बघ एकदा. खांब आहे खांब!" मी म्हटलं, "आणि माझी?" म्हणाले, "तुझी नाही म्हणायलाच हलते."

हसा. माझंही लग्न असंच टिकलंय. आता मात्र जी गोष्ट सांगायला मी आले आहे, तिच्याकडे वळते.

तुम्ही टीव्हीवर शर्यत बघता तेव्हा काय बघता? गाडी बघता. कोण पुढे, कोण मागे, कुणाचे टायर झिजले. आम्ही त्या रांगेतल्या बायका काय बघायचो, माहीत आहे? गाडी कुठे धडकली, की आम्ही हात बघायचो. धूळ बसते, माणसं धावतात, आणि मग कधीतरी आतून एक हात वर येतो आणि हलतो. 'हात हलला का?' एवढं एकच वाक्य आमच्या रांगेत बोललं जायचं. हलला म्हटलं की कुणीतरी पाण्याची बाटली पुढे करायचं आणि आम्ही पुन्हा माणसात यायचो. हात हलला म्हणजे सगळं ठीक, अशी आमची भाबडी समजूत होती.

दुसरी एक गोष्ट इथल्या ड्रायव्हर मंडळींना चांगली ठाऊक आहे, पण पाहुण्यांना नसेल. हंगाम सुरू व्हायच्या आधी डॉक्टर प्रत्येक ड्रायव्हरची एक परीक्षा घेतात. पडद्यावर चित्रं येतात, ती लक्षात ठेवायची. दिवा लागला की बटण दाबायचं. शब्द उलट्या क्रमाने सांगायचे. हे झालं निरोगी डोक्याचं माप. पुढे कधी डोक्याला मार बसला, की पुन्हा तीच परीक्षा. पहिल्याइतके मार्क पडले तर गाडीत बसा, कमी पडले तर घरी बसा. किती छान योजना! डॉक्टर, तुम्ही ती मोठ्या विश्वासाने आखली होती. पण तुमचे विद्यार्थी कोण होते? दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून तिसरी काढणारे! त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, की आधीच मार्क कमी पाडून ठेवले तर नंतर नापास व्हायची भीतीच नाही.

या उद्योगाला ते आपसांत 'शिल्लक टाकणं' म्हणायचे. का हो, खाली का बघताय तिकडे मागे? आमच्या घरी तर परीक्षेच्या सकाळी हे मजेत म्हणायचे, "आज जरा मठ्ठ व्हायचंय." मी म्हणायचे, "मग अभ्यास नको तुम्हाला." वर्षभर पहिल्या नंबरासाठी जीव टाकणारी ही सगळी माणसं, वर्षातून एक दिवस ठरवून ढ व्हायची. ही नवीन आली तेव्हा जुन्या लोकांनी हिलाही गुरुमंत्र दिला होता. दिवा लागला की मनात एखादी ओळ म्हण आणि मग बटण दाब. हिने ऐकलं नाही. दिवा लागला की दाबलं. हे घरी येऊन म्हणाले, "वेडी आहे पोरगी. पहिल्याच टोल्याला घरी बसेल." हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा.

त्यानंतर ह्यांचा तो अपघात झाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिला आहे. गाडी टायरांच्या भिंतीवर गेली, पट्ट्यांनी आणि मानेच्या कॉलरने आपलं काम केलं, हे स्वतः बाहेर आले आणि हात हलवला. चांगला दोन्ही बाजूंना हलवला. मी पाणी प्यायले. दोन दिवसांनी परीक्षा झाली, हे पास झाले. होणारच होते, शिल्लक होती ना! पुढची शर्यत पंधरवड्यावर होती. मी साहेबांना फोन केला होता, आठवतं का साहेब? म्हटलं, ह्यांचं काहीतरी बिनसलंय, पायरी उतरताना कठडा धरतात. तुम्ही अगदी प्रेमाने म्हणालात, "वहिनी, तुमची काळजी समजते, पण बायकोची भीती हे काही वैद्यकीय कारण होत नाही." तुम्ही हसताय, पण माझा अजून थोडा राग आहे. थोडाच.

आता इथून पुढचं जे आहे, ते सांगायची ह्यांची परवानगी मी घेतली आहे. "सांग काय सांगायचं ते," म्हणाले. नवऱ्याने एवढी मोकळीक दिली, की त्याचं मन बदलायच्या आत बायकोने ती वापरून टाकावी. हिची परवानगी मात्र मी घेतलेली नाही. हिने दिली नसती.

शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ही आमच्या घरी आली. नेहमीसारखी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. टेबलावर ह्यांचा वाचायचा चष्मा पडला होता. त्याच्या डाव्या काचेवर आतून काळी पट्टी चिकटवलेली होती. हिने तो उचलला, डोळ्यांना लावला, काढला.

"वहिनी, हा चष्मा असा कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "आठवडा झाला असेल. काचेला चरा पडलाय म्हणे. मी म्हटलं नवीन करा, तर ऐकतील तर शपथ."

हिने चष्मा जपून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "वहिनी, आज गॅरेजमध्ये दादांचं हेल्मेट पाहिलं. त्याच्या काचेवरही डावीकडे आतून पट्टी आहे. मी हेल्मेट सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, दादांचा नवा टोटका आहे, शकुनाचा."

पाहुण्यांना सांगायला हवं, की काचेवर वरच्या बाजूला पट्टी सगळेच लावतात, ऊन डोळ्यांत येऊ नये म्हणून. डावीकडे कुणी लावत नाही. पण ड्रायव्हर ही जात मोठी शकुनवाली. कुणी डाव्या बाजूनेच गाडीत चढतो, कुणी धुतलेले मोजे घालत नाही, त्याची बायको मला भेटली की रडते. त्यामुळे दादांच्या पट्टीचं कुणाला नवल वाटलं नाही. शकुन म्हटला की इथे कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

हिने मला समोर उभं केलं, एक डोळा झाकायला लावला आणि म्हणाली, "दादांना एकाचे दोन दिसताहेत, वहिनी. एक डोळा झाकला की एक दिसतं. ते एका डोळ्याने गाडी चालवणार आहेत."

मला आठवलं, ते आठवडाभर कप ठेवताना आधी टेबल चाचपत होते.

मी म्हटलं, "मी सांगते डॉक्टरांना." ती म्हणाली, "तुमचं ऐकतील?" साहेबांचं ते वाक्य मी तिला आधीच सांगितलेलं होतं. पुढचं दोघींनाही कळलं होतं. सांगायचं तर हिने सांगायला हवं. आणि हिने सांगितलं तर काय होईल? दोन नंबरच्या ड्रायव्हरला कधी साधी सर्दी झाली नाही, त्यामुळे कित्येक हंगाम ही राखीवच राहिली होती. आता एक नंबरची गाडी रिकामी होणार, आणि तिच्यात बसणार कोण? हीच! म्हणजे जिला जागा मिळणार, तिनेच जाऊन दुसऱ्याला उठवायचं. या इमारतीत हिला कुणी पुन्हा विचारलं असतं का?

ही मागच्या अंगणात गेली. हे मुलीच्या सायकलची चेन बसवत होते, आणि ती काही बसत नव्हती. मी दारात उभी होते. ही म्हणाली, "दादा, तुम्हाला दोन दिसतात. तुम्ही सकाळी स्वतः डॉक्टरांना सांगा. नाहीतर मी सांगेन."

ह्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "जागा हवीय का तुला?"

नवऱ्याबद्दल चारचौघांत वाईट बोलू नये, असं मला माझ्या आईने शिकवलं. पण ते वाक्य वाईट होतं. हिचा चेहरा मी पाहिला. हिच्या वडिलांनी आपलं वर्कशॉप भाड्याने देऊन हिला पहिली छोटी गाडी घेऊन दिली होती. ही त्या एका जागेसाठी किती वर्षं जगली, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, ह्यांना सगळ्यांत जास्त. ही एवढंच म्हणाली, "हवीय. पण या वेळी मी बसणार नाही." आणि घरी गेली.

ह्यांनी सकाळी सांगितलं नाही. हिने सांगितलं. दादांचं हेल्मेट काखेत घेऊन ही डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी ह्यांना बोलावलं, चष्मा काढायला लावला आणि डोळ्यांसमोर एक पेन धरलं. त्या परीक्षेत शिल्लक टाकायची सोय नसते. साहेबांनी हिला लगेच बोलावून घेतलं, म्हणाले, "चल, सीटचं माप दे. संध्याकाळी निघायचंय." ही म्हणाली, "मी नाही. त्या दुसऱ्या राखीव मुलाला बसवा." साहेब, तुम्ही तिला म्हणालात, "वेडी झालीस? अशी संधी परत येत नाही." त्यावर ती जे म्हणाली ते तुम्हीच मला पुढे एकदा सांगितलंत, म्हणून मी आज सांगू शकते. ती म्हणाली, "मी बसले तर उद्यापासून इथे कुणी कुणाबद्दल खरं सांगणार नाही. सांगणाऱ्याला जागा मिळते म्हटल्यावर सांगणाऱ्यावर विश्वास कोण ठेवेल?" आणि तुमच्याकडून आणि डॉक्टरांकडून एक वचन मागितलं. दादांनी पट्टी लावली होती, हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. दादांची लाज जायला नको.

दोघांनी वचन पाळलं. बाहेर एवढंच कळलं, की दादांना विश्रांती सांगितली आहे आणि राखीव बाईने ऐन वेळी गाडीत बसायला नकार दिला. मग पुढचं लोकांनी आपलं आपण रचलं. कच खाल्ली. शेवटी बाईची जात. मोठी गाडी बघून हातपाय गळाले. हे शब्द याच कॅन्टीनमध्ये, याच टेबलांवर बोलले गेले. मेकॅनिक मंडळींतले काही जण आत्ता माझ्याकडे बघत नाहीयेत, आणि मी त्यांच्यावर रागावलेली नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं. पण हिला माहीत होतं, आणि ही रोज इथेच बसून चहा प्यायची. एक शब्द बोलली नाही. मी म्हणायचे, "अगं, मी सांगते सगळ्यांना." तर म्हणायची, "वहिनी, दादा बरे होताहेत ना? मग झालं."

दादा बरे झाले. पडदे ओढलेल्या खोलीत बरेच आठवडे काढले, सगळ्यांवर खेकसले आणि बरे झाले. डॉक्टर मला नंतर म्हणाले, की त्या अवस्थेत दुसरा टोला बसला असता तर त्यांनी मला काय सांगितलं असतं ते त्यांनाही ठाऊक नाही. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. आता ती कॉलेजात जाते आणि बापाशी रोज भांडते. हे जे रोजचं भांडण आमच्या घरात चालू आहे ना, ते हिने दिलेलं आहे. एवढं मला आज मोठ्याने म्हणायचं होतं.

हे परत आले, आणखी एक हंगाम गाडी चालवली आणि रीतसर निवृत्त झाले. जागा रीतसर रिकामी झाली आणि हिला रीतसर मिळाली. पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ते चषक तिथे कपाटात आहेत, आज कुणीतरी पुसलेलेही दिसतात.

पण माझ्या मते हिचं सगळ्यांत मोठं काम त्या कपाटात नाही. ते तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. वळून बघा. तो फळा. डॉक्टर त्या शिल्लकीच्या भानगडीने बेजार झाले होते. नियम केले, सह्या घेतल्या, काही उपयोग नाही. हिने एक दिवस सांगितलं, "डॉक्टर, पहिल्या परीक्षेचे मार्क कॅन्टीनच्या फळ्यावर लावा. क्रमाने. बाकी काही करू नका." सगळ्यांनी एकमेकांकडे बघत बघत हो म्हटलं, आणि यादी लागली. पहिल्या वर्षी नेहमीप्रमाणे सगळे मठ्ठ झाले, आणि दुसऱ्या दिवशी चहाला आले तर काय? वर हिचं नाव, आणि खाली सगळे. झालं! एकाने तर डॉक्टरांच्या दारात जाऊन पुन्हा परीक्षा घ्या म्हणून हट्ट धरला. अहो, शर्यतीच्या माणसाला चोरून शेवटचा यायला सांगा, येईल. सगळ्यांसमोर शेवटचा यायला सांगा, जीव देईल पण येणार नाही. तेव्हापासून या टीममध्ये शिल्लक कुणी टाकत नाही. शर्यत मंडळाच्या बाईंनी मघाशी त्या फळ्याचा फोटो काढला, तो मी पाहिला. काढा, आणि बाकीच्या टीमनाही दाखवा.

यंदा त्या फळ्यावर पहिलं नाव हिचं नाही. आपल्या नव्या राखीव मुलीचं आहे, आणि पुढच्या हंगामात हिच्या गाडीत तीच बसणार आहे. त्या मुलीला परवा दारावरच्या माणसाने सरळ गॅरेजमध्ये सोडलं म्हणे. प्रगती आहे.

आता शेवटचं. या हंगामात दोनच शर्यती उरल्या होत्या आणि ही विजेतेपदापासून हाकेच्या अंतरावर होती. तेव्हा हिची गाडी धडकली. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. मी स्वयंपाकघरातून धावत आले, तर हे सोफ्याच्या मागे उभे होते, सोफ्याची पाठ दोन्ही हातांनी धरून. आणि हे, आयुष्यभर तो हात हलवणारे हे, मला विचारत होते, "हात हलला का? अगं, हात का हलत नाही तिचा?" मग तो हलला. हे मटकन खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं. इतकी वर्षं आम्ही त्या रांगेत काय बघत होतो, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

ही हात हलवून बाहेर आली, चालत डॉक्टरांकडे गेली आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "मला आवाज लांबून येताहेत. परीक्षा घ्या." हिची शिल्लक नव्हती. हिच्या खऱ्या मार्कांसमोर नवे मार्क ठेवले, आणि ते कमी पडले. जुन्या पद्धतीने ही आरामात पास झाली असती. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा गाडीत बसणं नको, कायमचं. विजेतेपद गेलं, गाडी गेली, आणि म्हणून आपण आज अपेक्षेपेक्षा बरेच आधी इथे जमलो आहोत. दादांचं भाकीत खरं ठरलं. पहिल्याच टोल्याला घरी बसली. धडधाकट डोक्याने घरी बसली. ते बघा, हिचे बाबा शेजारीच बसलेत, त्यांना विचारा त्यांना चषक हवा होता का.

साहेब घड्याळ बघताहेत, मी आवरतं घेते. मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, याबद्दल टीमचे, कॅन्टीनच्या मंडळींचे आणि अध्यक्षांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या टोटक्याला, कुणाच्या मोज्यांना किंवा कुणाच्या नवऱ्याला लागेलसं बोलले असेन, तर पहिलीच्या बाई म्हणून पोटात घाला. वेलांटी, तुला मी निरोप वगैरे देत नाही. रविवारी जेवायला ये, सायकलची चेन पुन्हा पडली आहे.

फक्त एक काम राहिलं. हे मला म्हणाले होते, माझ्या वतीने तूच बोल. मी सगळं बोलले. पण हिला एक वाक्य ऐकायचं राहिलंय. त्या दिवशी अंगणात ह्यांनी एक प्रश्न विचारला होता, त्यानंतर हे हिच्याशी हवापाण्याचं बोलले, टायरांचं बोलले, पण ते वाक्य बोलले नाहीत. आणि ही कच खाणारी नव्हती, हे माझ्या तोंडून ऐकलं तर तुम्ही म्हणाल, वहिनीची माया. या चार भिंतींनी जे ऐकलंय, ते पुसायला माणूस दुसराच लागतो. बँकेत मी ह्यांच्या वतीने बोलेन, शाळेत बोलेन, शेजाऱ्यांशी भांडेन. हे एक मी बोलणार नाही.

अहो, या. माईक चालूच ठेवते.

बघा, तिथूनच हात हलवताहेत, मी ठीक आहे, तू चालू दे म्हणून. अहो, नुसत्या हात हलवण्यावर आता या घरात कुणी विश्वास ठेवत नाही. उठा.